साठ घोड्यांचं नाक

आमच्या घरी वरण आणि कार्बोरेटर यांच्याबद्दल एकाच भाषेत बोललं जायचं. दोन्ही एक तर घट्ट व्हायची, नाहीतर पातळ. बाबा जेवायला बसले की पहिला घास तोंडात फिरवत थोडा वेळ आढ्याकडे पाहायचे आणि मग मायला म्हणायचे, “आज घट्ट झालं वं. थोडी हवा दे त्याले.” हवा म्हणजे पाणी. माय तव्यावर उलथणं खणखण वाजवून म्हणायची, “इथं मानसं जेवून राह्यली, सिलेंडर नाही.” आणि पाणी तर घालायची नाहीच, वर त्यांच्या ताटात आणखी एक पळी तेच घट्ट वरण वाढायची. बाबा निमूट खायचे. गॅरेजात त्यांचा शब्द चालायचा, चुलीपाशी नाही.

दिग्रसला पुसद रस्त्यावर आमचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्यांचं घर. रस्त्यापलीकडे जिनिंग. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगची घरघर दिवसभर चालायची आणि त्या घरघरीवरून एकमेकांना ऐकू जावं म्हणून आम्ही तिघंही ओरडून बोलायचो. हंगाम संपला तरी सवय सुटायची नाही. माझी तर अजून सुटलेली नाही. सून म्हणते, “आई, तुम्हाला फोनवर बोलायला फोन कशाला लागतो?” त्या हंगामात रुईचे तंतू सगळीकडे उडत. लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर, वाळत घातलेल्या सांडग्यांवर, मायच्या केसांत, आणि गावातल्या यच्चयावत गाड्यांच्या हवेच्या डब्यांत. आमचं निम्मं पोट त्या रुईवर चालायचं. शेतकरी ती विकून पैसे मिळवत, आम्ही ती डब्यातून काढून.

बाबांचं नाव दौलत, पण सगळी पंचक्रोशी त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायची. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण शिकवताना ते ती वापरायचे नाहीत. कार्बोरेटर म्हणजे गाडीचं नरडं. पेट्रोलचा पंप म्हणजे काळीज. हवेचा तो गोल डबा म्हणजे नाक. सायलेन्सरला ते काय म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही, माझी नातवंडं वाचतील. गाडी नाकानं हवा घेते, नरड्यात पेट्रोलशी मिसळते आणि पोटात जाळते. हवा कमी, पेट्रोल जास्त, तर मिश्रण घट्ट: काळा धूर, जड चाल, प्लग काजळलेला. हवा जास्त, पेट्रोल कमी, तर पातळ: कोरडी खोकते, तापते, प्लग पांढराफटक. बरोबर जमलं तर प्लग काढून पाहावा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा दिसतो. मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून प्लग काढून असे रंग पाहत आले. आजकाल गाडीला तार जोडून पडद्यावर आकडे पाहतात. माझा मुलगाही तेच करतो आणि बरोबरच करतो. पण प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरायचा मोह मला अजून होतो, आणि मग तो म्हणतो, “आई, ठेव तो खाली, गरम आहे.”

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसले आहे त्या उन्हाळ्यात माझी बारावी झाली होती आणि पुसदच्या एका अध्यापक विद्यालयात मला जागा मिळाली होती. मायनं माझी लोखंडी पेटी घासूनपुसून उन्हात ठेवली. मास्तरीण होणार म्हणून ती गल्लीभर गूळ वाटून आली. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला गॅरेजात राहायचं होतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पान्हा पुसत होते. पोरीच्या जातीला हे शोभत नाही, लोक काय म्हणतील, असलं काहीतरी ते म्हणतील आणि मी तयार ठेवलेली सगळी उत्तरं त्यांच्या तोंडावर फेकीन, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “तुले हात हाय शोभे. कान नाही.”

मला अशी चीड आली की विचारू नका. अर्ध्या मैलावरून आलेली गाडी कोणाची ते मी न पाहता सांगायची, तिसरा सिलेंडर मिस मारतोय की चौथा ते सांगायची, आणि मला कान नाही? “कान नाही म्हनजे काय?” मी ओरडले. ते म्हणाले, “हेच म्हनजे.” आणि पुन्हा पान्हा पुसायला लागले. बाबांचं बोलणं असंच होतं, दोन शब्दांत. बाकीचं तुम्ही समजून घ्यायचं, आणि मला समजून घ्यायला वेळ नसायचा.

त्याच दिवसांत हरसिंग नायक आला. घाटावरच्या तांड्याचा तो नायक. धिप्पाड, मिशाळ, पण बोलणं एकदम मऊ. कुठल्याशा कचेरीच्या लिलावात त्यानं एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. तांड्यावरून बाजाराला यायचं म्हणजे बायामाणसांना तीन वळणांचा घाट उतरायचा आणि संध्याकाळी डोक्यावर ओझं घेऊन चढायचा. जीप आली की तो त्रास संपणार होता, म्हणून तांड्यानं तिचं असं स्वागत केलं की काही विचारू नका. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे, त्या फिरतीला ते लदेणी म्हणतात, आणि त्या तांड्याच्या सगळ्यांत पुढच्या बैलाला नवरदेवासारखं सजवायची रीत होती. बैल गेले, रीत राहिली होती. ती सगळी जीपवर उतरली. बॉनेटवर कवड्यांची माळ, आरशाला गोंडे, सीटवर काचा लावलेला कशिदा. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “नायक, याले शिंगं तेवढी राह्यली.”

हरसिंगबरोबर त्याची आई होती, गोमलीबाई. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. ऐंशीच्या पुढची बाई, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि डोळे असे की सुईत दोरा पहिल्या झटक्यात जाईल. तिनं लहानपणी शेवटची लदेणी पाहिली होती.

“मिस्त्री,” हरसिंग म्हणाला, “लिलाववाला म्हने, यात साठ घोडे हायत. पन घाट आला की त्यातले चाळीस बसून घेतात.”

बाबांनी मला खूण केली. मी बॉनेट उघडलं, हवेचा डबा काढला. आत रुई, धूळ आणि एक मेलेलं पाखरू होतं. मी सगळं धुतलं, तेल बदललं, आणि याडी जवळ उभी राहून टक लावून पाहत होती म्हणून मला मास्तरकी करायची हुक्की आली. ज्या मास्तरकीसाठी मी पुसदला जायला तयार नव्हते तीच. “याडी, हे गाडीचं नाक हाय,” मी तिला सांगितलं. “यात धूळ गेली की गाडी बिमार पडते. याले जपा. धूळ जाऊ देऊ नका अजिबात.” याडीनं त्या डब्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. जीप गेली आणि घाट सरसर चढली, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. मी बाबांकडे असं पाहिलं की आता बोला. ते जेवत होते, जेवत राहिले.

दोन-तीन आठवड्यांनी हरसिंग परत. घोडे पुन्हा बसले. आधीपेक्षा जास्त बसले. घाटात काळा धूर, दुसऱ्या वळणावर गाडी बंद. मी गाडी चालू करून पाहिली तर गाणं म्हणत होती. प्लग काळे होते, ते पुसले. डबा उघडला, स्वच्छ. हवेचा स्क्रू फिरवून मिश्रण जमवलं. हरसिंग खूश होऊन गेला आणि तीन दिवसांनी परत आला. तेच. गॅरेजात शहाणी, घाटात मठ्ठ. असं लग्नाच्या नवऱ्याचं ऐकलं होतं, गाडीचं नव्हतं.

बाबा तेव्हा खाटेवर बसून चहा पीत होते. कप खाली ठेवून ते हरसिंगसमोरच म्हणाले, “शोभे, ही गाडी तुही. मी हात लावनार नाही. बाजाराच्या दिवशी हे घाट चढली तं राह्य इथं गॅरेजात. नाही चढली तं सोमवारी पुसदची गाडी पकड.” माय दारातून म्हणाली, “सोमवारी कायले, आताच पाठवा.” तिला खात्री होती. हातात होते तीन दिवस.

मी दोन दिवस त्या गाडीच्या आत-बाहेर केलं. टायमिंग पाहिलं, पॉइंट घासले, काळीज उघडून परत बसवलं. दोष सापडेना. दोष नाहीच तर ताकद वाढवू, असं माझ्या डोक्यानं घेतलं. नरड्यात पितळेचं एक शेंगदाण्याएवढं बोळकं असतं, त्याला जेट म्हणतात. त्याच्या छिद्रातून पेट्रोल आत जातं. छिद्र मोठं केलं तर पेट्रोल जास्त जाणार, आणि जास्त प्यायली तर जास्त पळणारच की. आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा नको म्हणेपर्यंत वाढायची पद्धत आहे. मी इंजिनाला तसंच वाढायला निघाले. गॅरेजात एक जुनं जेट पडलं होतं. मायच्या शिलाई मशीनची सुई पकडीत धरून, टोकाला तेलात कालवलेली बारीक वाळू लावून, मी दुपारभर ते छिद्र फिरवून फिरवून मोठं केलं. सुई मोडली. मी तुकडे शेणाच्या ढिगात पुरले. मग ते जेट बसवलं आणि मूळचं ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.

गाडी सपाट रस्त्यावर थोडा धूर सोडत होती, पण माझ्या कानाला तो आवाज मोठा भारी वाटला. बाबा दारात उभे होते. धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “नायकाले काय काय इचारलं तू?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “त्याले काय इचाराचं? इंजिन तं माह्यासमोर हाय.” ते “हं” म्हणाले आणि आत गेले.

बाजाराचा दिवस आला. सकाळीच हरसिंग गॅरेजातून जीप घेऊन बाजारात गेला. बाजार आटोपला की मी त्यांच्याबरोबर घाट चढून वर जायचं आणि हरसिंग मला परत आणून सोडणार, असं ठरलं होतं. मायनं मला बळेच दोन भाकरी आणि ठेचा खायला बसवलं. अपशकुन नको म्हणून तिनं दही दिलं आणि देताना म्हणाली, “चढली नाही तं रडू नको. पुसद काई वाईट गाव नाही.” मी बाजारात पोचले तेव्हा जीप भरून तयार होती. मिठाचं पोतं, गुळाची भेली, तेलाचा डबा, तांड्यातल्या दोन बाया, एका टोपलीत चार कोंबड्या. याडी पुढं बसली होती, पाटलीणबाई बसाव्यात तशी. मी मागं कोंबड्यांजवळ.

गावाबाहेर पडेपर्यंतच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. गॅरेजातून दिलेली गाडी ही नव्हतीच. धाप लागल्यासारखी चालत होती. पहिल्या वळणाला हरसिंगनं गिअर उतरवला. मागं असा काळा धूर सुटला की कोंबड्यासुद्धा शिंकल्या. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. हरसिंगनं हातब्रेक ओढला, एका बाईनं उतरून चाकामागं दगड लावला. डोळ्यांसमोर उन्हात ठेवलेली ती लोखंडी पेटी आली. नाकाचा शेंडा लाल झाला होता माझा, रडू येण्याआधी होतो तसा. उठले, पुढं गेले आणि बॉनेट उघडलं.

आत, हवेच्या डब्यावर, एक झूल बसवली होती. लाल कापडाची, अस्तर लावलेली, दुहेरी टाके घालून गोधडीसारखी जाड केलेली. तिच्यावर पिवळ्या-हिरव्या दोऱ्याचा कशिदा, मधे गोल आरसे, कडेनं कवड्या. आणि गळ्याशी नाडी ओढून अशी घट्ट गाठ मारलेली की वाऱ्याची झुळूकसुद्धा आत जाणार नाही.

“हे काय हाय?” मी विचारलं.

याडी खाली उतरून माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा आनंदानं फुलला. “नाक झाकलं नं त्याचं,” ती म्हणाली. “तूच सांगतलं बेटी, धूळ जाऊ देऊ नका म्हून. दहा दिस बसून शिवली मी.”

“पन गॅरेजात तं कधी दिसली नाही मले!”

आता हरसिंग लाजला. “मिस्त्रीकडे आनताना काढून ठेवतो,” तो म्हणाला. “तुमच्या हाताले तेल रायते, काळं रायते. याडीचं दहा दिसाचं काम, खराब होऊन जाइन म्हून. गावातून निंगताना परत बांधतो.”

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. माझ्या एका शब्दानं त्या गाडीचं नाक बांधलं गेलं होतं. गाडी गुदमरत होती आणि मी तिला आणखी पेट्रोल पाजत होते. हरसिंग चार वेळा माझ्यासमोर उभा राहिला, त्याला एकदा विचारलं असतं की बाबा, गेल्या वेळेनंतर गाडीत काय केलं, तर त्यानं लगेच सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. बाबा कोणत्या कानाबद्दल बोलत होते ते मला घाटाच्या दुसऱ्या वळणावर, उन्हात, कळलं.

पण आता या बाईला सांगायचं कसं? ऐंशी वर्षांच्या बोटांनी दहा दिवस शिवलेलं ते काम. मी जरा विचार केला. घाईघाईत जे तोंडात येई ते न बोलता थांबून विचार करण्याची माझ्या आयुष्यातली ती बहुतेक पहिलीच वेळ. मग म्हणाले, “याडी, लदेनीचा बैल घाट चढताना त्याच्या तोंडाले मुसकं ठेवत होते का तुम्ही?”

“मुसकं? घाटात?” याडी खेकसली. “साधं जाळीचं बी काढून टाकत होतो. मरन नं बैल! चढावर पहिले दम पाहा लागते, चारा मंग.” आणि मग तिची नजर त्या झुलीवर गेली. तिनं कपाळावर हात मारला, सगळ्या बांगड्या खळखळल्या. “अरे हरसिंग्या! बैलाचं नाक बांधलं आपन!” दुसऱ्या क्षणी ती माझ्यावर उलटली. “अन् तू वं पोरी? नाक म्हनलं तं आमी नाक समजू. धूळ जाऊ देऊ नको म्हनलं, हवा जाऊ दे म्हून काहून नाही सांगतलं?”

“चुकलं याडी,” मी म्हणाले. खरंच चुकलं होतं.

तिनं स्वतः गाठ सोडली, दातांनी. कोणालाही हात लावू दिला नाही. झूल झटकली आणि पदराखाली धरली. हरसिंगनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली, मोकळी झाली, पण धूर काही जाईना. जायचाच नव्हता. माझं मोठं केलेलं जेट आत बसलेलं होतं. ते मला एकटीला माहीत होतं. मी ओढणीची गाठ सोडून मूळचं जेट काढलं आणि पान्हा मागितला. “ते काय?” हरसिंगनं विचारलं. “माही अक्कल,” मी म्हणाले.

अर्ध्या तासात जेट बदललं. प्लग पुसले. मग इंजिन चालू ठेवून हवेचा स्क्रू हळूहळू फिरवत बसले. जिनिंग दूर होतं, घाटात वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. आधी आवाज भसाडा होता, मग एकसारखा झाला. पाव आट्यापुढं गेले की कोरडा होई, मागं आले की जड. याडी शेजारी उकिडवी बसून ऐकत होती. एका जागी तिनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं. “बस. आता दम बराबर घेऊन राह्यला.” तिला कार्बोरेटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण जागा बरोबर होती. मीही तिथंच थांबणार होते. दम आधी, चारा मग. पुढं चाळीस वर्षं मी शेकडो गाड्या जमवल्या, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच वाक्य शिकवलं. ते कोणाचं ते बहुतेकांना सांगायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

जीप घाट चढली. दुसरं वळण, तिसरं वळण, आणि वरच्या सपाटीला लागताना हरसिंगनं तिसरा गिअर टाकला तेव्हा मागच्या दोघी बाया त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडून गायला लागल्या. तांड्यावर मला बाजेवर बसवलं. “आव बेटी, बेस,” करत जो तो पाणी घेऊन येई. जाड भाकर, लसणाची चटणी आणि वर गुळाची लापशी, नको म्हणेपर्यंत. मला दोनदा नको म्हणावं लागलं. याडीनं ती झूल मागच्या जादा चाकावर चढवली. तिथं ती खूपच शोभली.

दिवस मावळायच्या आत हरसिंगनं मला गॅरेजात आणून सोडलं. बाबा एका ट्रकखाली होते. हरसिंग उतरला तोच म्हणाला, “मिस्त्री, पोरीनं घाटात साठच्या साठ घोडे उठवले! तुमी काई इचारू नका!” बाबा ट्रकखालून सरकत बाहेर आले, उठून बसले आणि माझ्याकडे पाहिलं. “चढली?” त्यांनी विचारलं.

“चढली,” मी म्हणाले.

इथं गप्प बसले असते तर काम झालं होतं. अट पुरी झाली होती, साक्षीदार मिशीला पीळ देत उभा होता, आणि बाबा खोदून विचारणाऱ्यांतले नव्हते. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि त्या दिवशी तर राहू नये असंच मला वाटलं. मी सगळं सांगितलं. मी नाक म्हणाले ते, झूल शिवली गेली ते, हरसिंगला एकदाही विचारलं नाही ते. जेटचं सांगितलं. सुईचं सांगितलं. “म्हनजे माही सुई!” माय दारातून किंचाळली. “अन् मी दोन दिसापासून त्या शेजारनीवर संशय घेऊन राह्यली!”

बाबांनी हात पुढं केला. मी मोठं केलेलं जेट त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते एका डोळ्यासमोर धरून सूर्याकडे पाहिलं.

“सोमवारी पुसदले जाय,” ते म्हणाले.

हरसिंग काहीतरी बोलायला गेला, बाबांनी त्याला हातानं थांबवलं. मी “बरं” म्हणाले. वाद घालायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. नायकाला विचारायची त्यांनी सुचवलेली एकच गोष्ट मी केली नव्हती, आणि ती का सुचवली होती हे आता मला कळत होतं. माय मात्र पेटी उचलायला गेली नाही. ती दाराला टेकून तशीच उभी राहिली आणि पदराच्या टोकाशी चाळा करायला लागली. मी खरंच गेले तर तिलाच आधी रडू येणार होतं, हे त्या वेळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

“स्टँडच्या मागं पार्टचं दुकान हाय,” बाबा पुढं म्हणाले. “हे जेट दाखव. याच नंबरचं नवं घे. छिद्र पाहून घे. अन् तुह्या मायले सुई आन, दोन आन. संध्याकाळच्या गाडीनं वापस ये. मंगळवारी दोन गाड्या येऊन राह्यल्या, मी एकटा कुठं कुठं कान लावू?” एवढं बोलून ते पुन्हा ट्रकखाली गेले. इतकं लांब बोलणं मी त्यांच्याकडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं ऐकलं नाही. मी तिथंच उभ्या उभ्या रडले, हरसिंगसमोर, लाज न बाळगता.

सोमवारी सकाळी मी पुसदच्या गाडीत बसले. हातात एक पिशवी, पिशवीत मायनं बांधून दिलेली भाकर आणि रुमालात गुंडाळलेलं ते जेट. कंडक्टर आला.

“एक पुसद,” मी म्हणाले. “अन् वापसीचं बी देऊन द्या.”

“वापसीचं इथं नाही भेटत बाई,” तो म्हणाला. “येताना काढजा. आजच येनार हाय का?”

“आजच येतो,” मी म्हणाले.